न चाखता आणलेली रोपं

बाबा, आज सकाळी दारासमोरच्या खळ्यातल्या कुंडीत स्ट्रॉबेरीचं पहिलं फळ पिकलं. आता दुपारचे दोन वाजलेत आणि ते फळ नाही. त्याचं काय झालं ते तुला सांगायचंय, पण त्यासाठी आधी बरंच मागचं सांगावं लागेल, आणि ते बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. तू होतास तेव्हाही लिहिली नव्हती म्हणा. नोकरी कुडाळला, तिथून घरी यायला दीड तास लागायचा, पत्र कशाला लिहायचं? आणि हो, तुला ‘तू’च म्हणते आहे. नवीन नवीन शिक्षिका झाले तेव्हा त्या तोऱ्यात मी तुला एकदा ‘तुम्ही’ म्हणून पाहिलं होतं. तू मागे वळून पाहिलंस, पाठीशी कोण उभं आहे का ते, आणि म्हणालास, “गो, मी काय सायब आसंय?” त्यानंतर पुन्हा कधी तो प्रयोग केला नाही.

तुझा धंदा हापूसची कलमं बांधायचा. रायवळ कोयीतून उगवलेल्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बसवायची, पट्टीने घट्ट गुंडाळायची आणि मग ती जीव धरते का ते पाहत बसायचं. आचऱ्यापासून आत धामापूरपर्यंत किती लोकांच्या बागांत तू बांधलेली कलमं उभी आहेत, ते तुलाही सांगता आलं नसतं. पावसाळ्यात तू घरात सुका असा दिसायचाच नाहीस. असाच एक पावसाळा. मी आठ वर्षांची असेन. तुला मदत करायची हौस फार, म्हणून गावातल्या एका मोठ्या झाडाच्या काड्या मी स्वतः काढून आणल्या, केळीच्या सोपटात नीट गुंडाळून, अगदी तू गुंडाळायचास तशा. तू जुडी हातात घेतलीस आणि विचारलंस, “ह्या झाडाचो आंबो खाल्लंस कदी?” मी म्हटलं, “नाय. पण केदे मोठे आसतत!” तू म्हणालास, “मोठो तर भोपळो पण आसता,” आणि ती जुडी सरळ म्हशीपुढे टाकलीस. मी रडले. तू समजूत वगैरे काढली नाहीस. पट्टी गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणालास, “फळ चाखल्याबिगर काडी काढूची नाय. लोक तीस वर्सां तो आंबो खातले नि शिव्या माका घालतले.”

आणि तोच तू, पुढच्याच वर्षी, न चाखता रोपं घेऊन आलास. बागायतदारांची सहल महाबळेश्वरकडे गेली होती आणि तुझी वर्णी कुणाच्या तरी जागी लागली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तू एसटीतून उतरलास, अंगात कुणाचा तरी स्वेटर, हातात ओल्या गोणपाटाची पुरचुंडी. पुरचुंडीत सहा रोपं. आई म्हणाली, “ह्यां काय नवीन खूळ?” तू चोरासारखा हसलास. मग पाय धुतल्यावर, चहा घेतल्यावर, हळूहळू सांगितलंस. तिथल्या शेतकऱ्याने तुला दोन वाफे दाखवले होते. फळाचा मोसम नव्हता, नुसती पानं. “तो म्हणालो, बाजाराक व्हयी तर ही मोठी ने, घराक व्हयी तर ही बारकी ने. बारकी सांजेपर्यंत टिकणा नाय, पण खाशीत तर नाव काढशीत. मी बारकी घेतलंय.” आणि मग आवाज उतरवून, “चाखूक नाय पण. पयल्यांदाच असा केलंय.” त्या आठवड्यात जो जो घरी आला त्याला तू रोपं दाखवलीस आणि प्रत्येकाला हे शेवटचं वाक्यही सांगितलंस, कुणी विचारलेलं नसताना.

ती रोपं तू घासलेटच्या कापलेल्या डब्यांत लावलीस, उंबऱ्यासमोर, जिथे सकाळचं ऊन यायचं आणि दुपारनंतर घराची सावली पडायची. बुडाशी गवताचा पेंढा घातलास. रोपाचा गड्डा मातीच्या वर ठेवायचा, बुजवायचा नाही, हे तू मला बोट धरून दाखवलंस. आणि मग नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलंस. आंब्याला, नारळाला, भाताला गाऱ्हाणं ठीक; डब्यातल्या सहा रोपांना गाऱ्हाणं घालणारा तूच. अजून ऐकू येतं मला. “बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकरान परमुलखातली झाडां आणून लावल्यान हत. चाखल्याबिगर आणलंय, ह्यो माझो गुन्हो पदरात घे. पयलां फळ तुका. पाखराची, खारीची नदर पडू देव नको रे म्हाराजा.” आई आणि मी मागून म्हणतो, “व्हय म्हाराजा.” आईला हसू आवरत नाही, ती पदर तोंडावर धरते, आणि तू डोळे न उघडता म्हणतोस, “हसा नको गो, देव आयकता.”

सहांतली दोन आठवडाभरात गेली. उरलेल्या चारांपैकी एकाला थंडीत पांढरं फूल आलं आणि त्याचं फळ धरलं. एकच. पहिलं फळ गावच्या देवीपुढे ठेवायचं, मग प्रसाद म्हणून घरी आणून त्याचे तीन तुकडे करायचे, असं ठरलं होतं. बोराएवढ्या फळाचे तीन तुकडे! तू रोज सकाळी तोंड धुण्याआधी उकिडवा बसून त्याच्याकडे पाहायचास. हिरवं, मग पांढरट, मग एका गालावर लाल. आई म्हणाली, आता काढ. तू म्हणालास, देठापाशी पांढरं आहे तोवर नाही; आंब्यासारखं हे काढल्यावर गोड होत नाही, असं त्या शेतकऱ्याने सांगितलंय. मला वाटतं, माझ्या जन्माचीही तू एवढी वाट पाहिली नसशील.

ते फळ मी खाल्लं, बाबा.

बुलबुलाने नाही. मी. तू आंघोळीला गेला होतास, देवळात न्यायचं म्हणून. मला फक्त वास घ्यायचा होता. आदल्या दिवसापासून त्या डब्याजवळ काहीतरी निराळाच वास येत होता, गुलकंदाची बरणी उघडल्यासारखा, पण त्याहून हिरवा. मी वाकले, फळ दोन बोटांत धरलं आणि ते देठासकट हातात आलं. खरंच सांगते, मी ओढलं नव्हतं. तेवढ्यात तुझा खाकरण्याचा आवाज आला. परत लावता येईना, लपवायला खिसा नाही, मी ते तोंडात टाकलं. तू टॉवेल खांद्यावर घेऊन आलास तेव्हा मी तुळशीपाशी उभी होते आणि म्हणत होते, “बाबा, बुलबुलान खाल्ल्यान.” तू डब्यापाशी बसलास. पेंढा चाळलास, एखादा तुकडा पडलाय का ते पाहायला. मग म्हणालास, “खाऊंदे. तेका तरी चव कळली.”

तू मारलं असतंस तर बरं झालं असतं. हात मी चुलीतल्या राखेने तीनदा घासले तरी बोटांचा वास जाईना. दुपारी जेवायला तुझ्या शेजारी पाट होता, मी डाव्या हाताने जेवायला लागले तर आईने फटका दिला. उजव्या हाताने भात कालवताना मला वाटत होतं, आता याला वास येणार, आता येणार. तुला वास आला नाही. किंवा आला असेल आणि तू बोलला नसशील, हे माझ्या मनात पुढे कैक वर्षांनी आलं, पण तेव्हा विचारायला तू नव्हतास.

यापुढचं तर कुणालाच ठाऊक नाही. दुसरं फळ लवकर यावं म्हणून मी त्या रोपांना खत घातलं. आई मासे धुतलेलं पाणी कढीलिंबाला आणि मिरचीला घालते, आणि ती कशी तरारून येतात, हे मी रोज पाहत होते. त्या आठवड्यात ताजं म्हावरं मिळालं नव्हतं. आई खारे बांगडे भिजत घालत होती. ते पाणी ती परसात नेऊन ओते, मी मधल्यामध्ये पातेलं घ्यायचे, “मी ओततंय,” म्हणायचे आणि पुढच्या दारी जाऊन डब्यांत घालायचे. चार दिवस. खारं, मीठच मीठ असलेलं पाणी. पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या, मग पानं वळली, आणि पंधरा दिवसांत चारही रोपं गेली. आमच्या घरात मासळीच्या वासाचा कुणाला संशय येणार? तू रोप उपटून मुळं पाहिलीस आणि म्हणालास, “आमच्या हवेत जगूची नाय ती.” पुढे आयुष्यभर तू लोकांना तेच सांगत राहिलास. कुणी हौशी माणूस विचारायला आला की तू त्याला परत पाठवायचास, नको त्या भानगडीत पडू म्हणून.

हे एवढ्यावर मिटलं असतं. लहानपणी कुणी काय खात नाही? पण नोकरी लागल्यावर मी कोल्हापूरहून स्ट्रॉबेरीची पेटी आणली, आठवतं? तुझ्यासाठी. प्रायश्चित्तच समज, तेवढ्याने भागेल असं मला वाटलं होतं. तू ओटीवर बसला होतास, चष्मा पुसून लावलास, एक फळ उचललंस, केवढं मोठं, लालभडक. आधी वास घेतलास. मग अर्धं चावलंस. उरलेलं अर्धं पेटीच्या कडेला ठेवलंस आणि म्हणालास, “हेचीच चव आसात, तर बरां झाला मेली ती. फसवल्यान माका तेणा.” आई म्हणाली, मुलीने एवढ्या लांबून आणलंय. तू म्हणालास, तिचा काय दोष, चाखल्याशिवाय मी आणली हा माझा दोष. त्यावेळी मी बोलायला हवं होतं. ही ती नव्हे, ही बाजाराची मोठी. तू आणलेली बारकी वेगळी होती, त्या माणसाने तुला फसवलं नव्हतं. एवढंच बोलायचं होतं. मी पेटी उचलून आत नेली आणि आईबरोबर मुरंबा करत बसले. तू गेलास तो ते मनात ठेवून. तुझ्या हातून आयुष्यात एकदाच नेम चुकला, असं तू समजत होतास.

मी निवृत्त झाल्यावर इथे, तुझ्या घरात राहायला आले. माझा नवरा त्याच्या आदल्या वर्षी गेला. मुलगा पुण्याला आहे, रविवारी फोन करतो, दहा मिनिटं दोघंही बरं आहे बरं आहे म्हणतो. घरात माणसांचा आवाज म्हणून रेडिओ लावते. पहिल्या थंडीत मला काय वाटलं कोण जाणे, कुडाळच्या नर्सरीतून दहा रोपं आणली. चिठ्ठीवर नाव कॅमारोसा. फळ आलं, देखणं, कडक, आणि वासाच्या नावाने शून्य. दुसऱ्या वर्षी विंटर डॉन लावली. ती लवकर आली, भरपूर आली, शेजारणीच्या नातवंडांनी आनंदाने खाल्ली, पण ती माझी नव्हती. तिसऱ्या वर्षी स्वीट चार्ली. ही खरंच गोड. घरच्या घरी दोन कुंड्या लावायच्या असतील तर कुणालाही मी हीच सांगेन. फळ पूर्ण लाल होईतो थांबायचं, शेवटचे दोन-तीन दिवस पाणी बेताने द्यायचं आणि झाडापाशी उभं राहूनच खायचं. पण बोटं नाकाशी नेली आणि कळलं, हा तो वास नव्हे. मुलगा म्हणाला, “आई, ऑनलाइन पेटी मागवतो ना, कशाला एवढा खटाटोप?” त्याला काय सांगू? आई गेली तेव्हापासून ते गाऱ्हाणं ऐकलेलं माझ्याशिवाय जगात कुणी उरलेलं नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर मी स्वतः एसटीने वर महाबळेश्वरकडे गेले. गुडघे दुखतात, दोन ठिकाणी गाडी बदलावी लागली, पण गेले. शेतकरी रोपांची नावं सांगत होता, किती उतरतात, किती टिकतात. मी तुझ्यासारखं विचारलं, घरी खायला तुम्ही कुठली लावता? तो थांबला आणि त्याने बायकोला हाक मारली. ती मला घरामागे घेऊन गेली. गोठ्याच्या भिंतीलगत एक आखूड वाफा होता, पानं लहान, जमिनीलगत. ती म्हणाली, “ही इकायला न्हाई बगा. सांच्यापातुर पानी हुती. पोरास्नी खायला ठिवलीया सासूबाईंनी.” नाव विचारलं तर हसली. “नाव कशाचं? जुनी म्हंतो आमी.” फळाचा मोसम नव्हता, बाबा. नुसती पानं. मी सहा रोपं घेतली, न चाखता, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली. येताना गाडीत मला एकटीलाच हसू येत होतं.

सहांतली पाच जगली. कुंड्या मातीच्या, तांबड्या मातीत निम्मं शेणखत, बुडाशी पेंढा, जागा तीच, उंबऱ्यासमोर. मासळीचं पाणी घराच्या मागेच ओतते. फळ धरल्यावर वरून जुनी मच्छरदाणी टाकली, तेव्हा शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली, “अगो बाये, एवढ्याशा फळाक मच्छरदाणी? माज्या घोवाक पण नाय गो!” गाऱ्हाणंही घातलं. मला तुझ्यासारखं येत नाही, मध्येच प्रमाण मराठी घुसतं, वर्गात कविता म्हणून घेतल्यासारखं वाटतं. शेवटी थांबले, सवयीने. मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कुणी नव्हतं. मग मीच म्हटलं. एकटीने दोन्ही बाजू बोलायला फार चमत्कारिक वाटतं, मग मी पायरीवर बसून थोडी रडले.

परवापासून वास येऊ लागला. मी दार उघडलं आणि तिथेच उभी राहिले. तोच, गुलकंदाची बरणी उघडल्यासारखा. पन्नास वर्षं राखेने घासूनही न गेलेला. मी काल दिवसभर खुर्ची टाकून तिथेच बसले होते. आज सकाळी देठापाशीही लाल दिसलं. मी मच्छरदाणी काढली. आधी फळ देवीपुढे ठेवायचं, मग घरी आणून खायचं, असं ठरवलं होतं. ते ठेवायला कण्हेरीपलीकडच्या केळीचं पान आणायला गेले. परतले तर कुंडीच्या काठावर बुलबुल. डोक्यावर तुरा, बुडाखाली लाल ठिपका, अगदी ऐटीत. त्याने एक टोच मारली होती. मी चार हातांवर होते. एक टाळी वाजवली असती तर उडाला असता आणि अर्ध्याहून जास्त फळ मला मिळालं असतं.

मी टाळी वाजवली नाही. पान हातात धरून उभी राहिले आणि त्याने मान वर करून करून सगळं फळ खाल्लं, देठ तेवढा ठेवला. तुला वाटेल, ज्याच्यावर मी खोटा आळ घेतला त्याला आज त्याचा वाटा मिळाला म्हणून मी गप्प राहिले. शेजारणीला मी तसंच सांगितलं, तिला फार आवडलं ते. पण तुला खोटं सांगून एकदा झालंय, आता नाही. त्या दिवशी तुझी चाहूल लागल्यावर ते फळ मी तोंडात टाकलं खरं, पण चावलं नाही. भीतीने तसंच्या तसं गिळलं. घशात अडकलं, डोळ्यांत पाणी आलं, खाली उतरलं. वास तेवढा बोटांना राहिला. चव मला कधी कळलीच नाही, बाबा. म्हणून तर त्या कोल्हापूरच्या पेटीपाशी मला बोलता आलं नाही. तू आणलेली बारकी गोड होती की नाही, तुला कुणी फसवलं होतं की नाही, हे मलाही तुझ्याइतकंच ठाऊक आहे.

आता दुसऱ्या कुंडीत एक फळ आहे, अजून हिरवं. आठ दिवस लागतील. हा कागद कुठे टाकायचा ते मला ठाऊक नाही, तुझ्या पट्ट्या आणि चाकू ठेवलेल्या डब्यात ठेवते. मच्छरदाणी आज सकाळी काढली ती मी अजून परत टाकलेली नाही. ते फळ आंबट निघालं तर काय करायचं, याची मला सकाळसारखीच भीती वाटते.